रिकाम्या घराचा पाया

नोव्हेंबरात एखादी सकाळ अशी उगवते की जाग आल्यावर वाटतं, आपल्याला ऐकू येईनासं झालं की काय. मग लक्षात येतं, एसी बंद आहे. एप्रिलपासून घरात जी घरघर भरून राहिलेली असते ती थांबली की खोल्या एकदम मोठ्या वाटायला लागतात. मी खिडकी उघडते. जाळीवर उन्हाळाभराची धूळ बसलेली असते, ती बोटाला लागते. खालच्या मजल्यावरच्या केरळी बाईंच्या कुकरची शिट्टी, शाळेच्या बसची वाट बघणाऱ्या मुलांचा कालवा, मुसाफ्यातल्या कारखान्यांकडून येणारे लोखंडावरच्या हातोड्याचे आवाज. सहा-सात महिने हे सगळं काचेपलीकडे चालू होतं आणि आपल्याला पत्ता नव्हता, असं दरवर्षी वाटतं.

इथे आखातात, आमच्या मोहम्मद बिन झायद सिटीत हे आनंदाचे दिवस. लोक अंगणात शेगड्या मांडतात, गच्च्यांवर चटया पडतात. मी गणित शिकवते त्या शाळेतल्या मुली सकाळी स्वेटर घालून येतात आणि दुपारी कमरेला बांधून हिंडतात. याला इथे हिवाळा म्हणतात. मला मात्र या दिवसांत एका वेगळ्याच हिवाळ्याची आठवण येते. तो हिवाळा मी खिडकीशी बसून, उघड्या हवेत, दुसऱ्या देशातल्या एका जमिनीची काळजी करत काढला. ती जमीन मी तोवर पाहिलीही नव्हती.

माझे मिस्टर, यूसुफ, स्ट्रक्चरल इंजिनियर होते. दापोलीकडचे. मुसाफ्यातल्या एका कन्सल्टन्सीत त्यांनी जन्म काढला. त्यांचं सगळं आयुष्य जमिनीखाली गेलं असं मी गमतीने म्हणायचे. इथली जमीन वरून कोरडी ठणठणीत, पण थोडं खणलं की पाणी लागतं, आणि तेही खारं. पाया घालायचा तर आधी ते पाणी उपसत राहायचं, मग काँक्रीटला काळं डांबर फासून मिठापासून वाचवायचं. उन्हाळ्यात काँक्रीट कालवताना पाण्यात बर्फ घालतात, हे मला लग्नानंतर कळलं. नाहीतर ते ओतायच्या आधीच तापून बिघडतं. घरी आल्यावर त्यांच्या बुटांत वाळू असायची आणि बोलण्यात कुणाचा तरी पाया.

आमचा एकुलता एक मुलगा अझीम इथेच जन्मला, इथेच वाढला. शिकायला म्हणून कॅनडात गेला आणि तिकडचाच झाला. सना, त्याची बायको, शारजात वाढलेली, माणसं मूळची रायगडची. दोघांनी तिकडे सपाट मैदानी मुलखात, एका लहान गावाच्या कडेला जागा घेतली आणि घर बांधायचं ठरवलं. त्या उन्हाळ्यात आमच्या घरात दुसरा विषय नव्हता. इथे बाहेर पाऊल टाकवत नाही असं ऊन, आणि आत हॉलमध्ये बाप-लेक व्हिडिओ कॉलवर बर्फाविषयी भांडतायत.

भांडण पायाच्या खोलीवरून होतं. थंड मुलखात जमीन वरून खाली गोठत जाते. मातीतलं पाणी गोठलं की फुगतं, खालचं आणखी पाणी वर ओढतं, आणि सगळी माती घरासकट वर उचलली जाते. म्हणून तिकडे पाया गोठणाऱ्या थराच्या खाली नेतात, पुरुषभर, त्याहून खोल. अझीमच्या जागेत तेवढं खोल गेलं तर पाणी लागत होतं. त्याला पाया उथळ ठेवायचा होता.

"उथळ?" यूसुफ म्हणाले. "तिथे? वेडा झालास का?"

"अब्बा, लिसन. इन्सुलेटेड फाउंडेशन आहे. फोमच्या जाड शीट्स कडेने उभ्या लावायच्या आणि बाहेरच्या बाजूला मातीखाली आडव्या पसरायच्या, लाइक अ स्कर्ट. घरातली हीट खाली जमिनीत जाते. ती बाहेर पळू द्यायची नाही. मग पायाखालची माती गोठतच नाही."

"थर्माकोलवर घर उभं करतोस?"

"थर्माकोल नाही हो, अब्बा."

त्या दिवशी त्यांनी रागाने कॉल बंद केला. मग चारेक दिवस ऑफिसातून आले की जेवणही कॉम्प्युटरसमोर घेऊन बसायचे. एका संध्याकाळी स्वयंपाकघरात येऊन ओट्याला टेकून उभे राहिले. चेहरा असा की जणू लहानपणीचा कुणी मित्र भेटलाय.

"रुक्साना, पोरगं बरोबर बोलतंय. जमिनीची स्वतःची ऊब असतेच. घर त्यात थोडी भर घालतं. आपण फक्त पांघरूण घालायचं."

मला ते कितपत कळलं कोण जाणे. मला गावच्या घरातली, माडीवरची आंब्याची आढी आठवली. भाताच्या पेंढ्यात आंबे रचून ठेवायचे. हात खुपसला की आत ऊब लागायची, कुणी तापत ठेवल्यासारखी. ती ऊब आंब्याचीच असायची, पेंढा ती जाऊ देत नसे एवढंच. मी तसं म्हटलं तर यूसुफ खूश झाले. दुसऱ्या दिवशी अझीमला सांगितलं, "तुझ्या अम्मीला एका वाक्यात कळलं, मला चार दिवस लागले."

मग बाप-लेकाचं मेतकूट जमलं. कोपऱ्यांवर थंडी दोन बाजूंनी येते, तेव्हा तिथे शीट जास्त रुंद आणि जास्त जाड हवी, हे यूसुफनी पुन्हा पुन्हा बजावलं. खाली खडीचा थर, पाणी साचता कामा नये. जमिनीवरचा बर्फसुद्धा पांघरुणासारखा काम करतो, फक्त वाऱ्याने उडून जाता कामा नये, हे वाचल्यावर त्यांना लहान मुलासारखी मौज वाटली. आणि एक गोष्ट तर ते दर फोनला सांगायचे.

"पहिल्या थंडीच्या आत भिंती, छप्पर आणि हीटिंग झालंच पाहिजे. हा पाया रिकाम्या घराचा नाही. घरात ऊब नसेल तर त्याला अर्थ नाही."

"येस, अब्बा. इन्शाल्ला."

सप्टेंबरात पाया भरला. ताज्या काँक्रीटवर सनाने कोपऱ्यात काडीने तारीख लिहिली, त्याचा फोटो आला. पुढच्या महिन्यात भिंती उभ्या राहणार होत्या.

त्याच सुमारास यूसुफना जेवण जाईना. पाठीत कळ यायची, पाठ एसीने धरली असेल म्हणून मी तेल चोळायचे. एका सकाळी बाथरूमच्या दिव्याखाली मला त्यांचे डोळे पिवळे दिसले. तपासण्या झाल्या. स्वादुपिंड. डॉक्टर बाई तरुण होत्या. बोलताना टेबलावरच्या पेनाचं टोपण काढत होत्या, लावत होत्या. ऑपरेशन होण्यासारखं नाही, एवढं मला कळलं. बाकीचं यूसुफ ऐकत होते. आपल्याला न समजणारं ड्रॉइंग समोर आलं की ते पुढे झुकून बसायचे, तसेच बसले होते.

अझीमला मी फोन केला. आठवड्याच्या आत तो दारात उभा होता.

बापाने त्याला जवळ घेतलं, पाठीवर हात फिरवला. मग पहिला प्रश्न विचारला, "पाया कशाने झाकून आलास?"

"अब्बा, प्लीज."

"भिंती?"

"नाही झाल्या. कॉन्ट्रॅक्टरला सांगितलं, मी परत आल्यावर. तो दुसऱ्या कामावर गेला."

त्या संध्याकाळी यूसुफ जेवायला बसले, दोन घास खाल्ले आणि ताट सारून म्हणाले, "उद्याचं तिकीट बघ. यल्ला, चल, नीघ. इथे बसून तू काय करणार आहेस?"

हॉलमधला सोफा आम्ही खिडकीशी ओढून त्यावर त्यांचं अंथरूण घातलं होतं. एसी बंद झाले होते, वारा येत होता. बाहेर मुलं सायकली फिरवत होती. त्या खिडकीशी रोज सकाळी तोच संवाद व्हायचा. तिकडे किती थंडी आहे? वारा कुठल्या दिशेचा? उघडा पाया सोडून माणूस येतो का? अझीम आधी समजावायचा, मग गप्प बसायला लागला. एकदा मी पोळ्या लाटत होते तेव्हा तो मागून आला आणि फ्रिजला टेकून उभा राहिला.

"अम्मी, त्यांना मी इथे नकोच आहे."

"असं नसतं रे."

"रोज जा म्हणतात. आय केम टू सी हिम. त्यांना फक्त ते काँक्रीट दिसतं."

सगळ्या आयुष्यात या माणसाने काळजी दाखवायची एकच रीत शिकली होती, हे मला माहीत होतं. पण पस्तिशीच्या मुलाला ते समजावून सांगता येत नाही. त्याला वडिलांनी 'ये' म्हणायला हवं असतं.

शेवटी सना कामाला लागली. नोकरी सांभाळून, आणि पोटात तिसरा महिना होता, हे तेव्हा आम्हांला माहीत नव्हतं. शेजारच्या शेतावरून तिने पेंढ्याच्या गठड्या आणवल्या, दोन शेजारी मदतीला घेतले, आणि साऱ्या पायावर, कडेच्या मातीवर पेंढा पसरून वर ताडपत्र्या ताणल्या. बर्फ पडायला सुरुवात झाली होती. पेंढ्याचं नाव ऐकून यूसुफनी माझ्याकडे बघितलं आणि आजारात पहिल्यांदाच थोडं हसले.

डिसेंबरात मोठा वारा झाल्याचं सनाने कळवलं, आणि दुसऱ्या दिवशी फोटो पाठवले. अझीमने फोन बापाच्या हातात दिला. यूसुफनी चष्मा मागितला. एकेक फोटो बोटांनी मोठा करून बघितला. पांढरं मैदान, त्यात निळ्या ताडपत्रीचा एक चौकोन, मागे करड्या रंगाचं आभाळ. एका फोटोवर ते बराच वेळ थांबले.

"छान झाकलंय," म्हणाले, आणि फोन परत दिला. "सनाला सांग, काम चांगलं केलंय."

अझीमच्या खांद्यावरचं ओझं उतरलेलं मला दिसलं. तो औषधं आणायला खाली गेला. दार लागल्याचा आवाज आला तसं यूसुफनी मला जवळ बोलावलं.

"उत्तरेचा कोपरा जाणार," ते म्हणाले.

"म्हणजे?"

"ताडपत्री उचलली गेलीय तिथे. वाऱ्याने बर्फही नेलाय. पेंढा काळा दिसतोय, ओला झालाय. ओल्या पेंढ्यात ऊब राहत नाही. कोपऱ्याला दोन्हीकडून थंडी आहे. उचलणार तो कोपरा. तडा जाईल."

मी उठले. "मग अझीमला सांगते ना. अजून वेळ असेल."

त्यांनी माझं मनगट धरलं. हाताला आता जोर नव्हता, तरी धरलं.

"नको."

"अहो, घर आहे त्यांचं."

"सांगितलंस तर उद्या निघेल तो."

बाहेर कुणी तरी मुलांना हाका मारत होतं. यूसुफ खिडकीकडे बघत होते. मला वाटलं, ते आणखी काही बोलतील. एवढी वर्षं कुणाच्या भिंतीला केसाएवढी चीर दिसली तरी जेवणावरून उठून फोन करणारा हा माणूस. एकदा तर आम्ही एका लग्नात गेलो असताना हॉलच्या तुळईकडे बोट दाखवून यांनी मॅनेजरला बोलावून घेतलं होतं आणि मी शरमेने अर्धी झाले होते. तो माणूस आता दिसलेली चूक गिळून गप्प पडला होता.

"त्याला सांगू नकोस," एवढंच पुन्हा म्हणाले. मी मान हलवली.

त्यानंतर त्यांनी पायाचं नाव काढलं नाही. थंडी किती, वारा कुठला, काही नाही. तिकिटाचा विषय संपला. अझीमला आधी बरं वाटलं, मग तो घाबरला. मला हळूच म्हणाला, "अब्बांना आता इंटरेस्टच राहिला नाही का कशात?" मी म्हटलं, "थकलेत."

पण ते दिवस त्या घरातले सगळ्यांत शांत दिवस होते. अझीम रोज त्यांची दाढी करायचा. गालाची कातडी सैल झाली होती, ती दोन बोटांनी ताणून धरून तो वस्तरा फिरवायचा आणि यूसुफ डोळे मिटून, हनुवटी वर करून पडून राहायचे. अझीम त्यांना त्यांच्या लहानपणाचं विचारायचा. खाडीतली कालवं, मदरशातून पळून पोहायला जाणं, पहिल्यांदा दुबईला आल्यावर देरा भागातल्या एका खोलीत पाळीपाळीने झोपणारी माणसं. हे सगळं मला माहीत होतं, पण मुलाला सांगताना ते नवंच सांगत होते. एका संध्याकाळी करक चहा प्यायची इच्छा झाली. अझीमने त्यांना उचलून गाडीत बसवलं. टपरीसमोर गाडी उभी करून हॉर्न वाजवला, की पोऱ्या कागदी कप घेऊन येतो, तो चहा. यूसुफनी दोन घोट घेतले. मग कप दोन्ही हातांत धरून नुसते बसले. आम्ही तिघं चहाच्या वाफेने धुरकटलेल्या काचेतून समोरच्या रस्त्यावरच्या गाड्या बघत होतो. कुणालाच घाई नव्हती. ते म्हणाले, "बरं आहे असं."

जानेवारीत, धुक्याच्या एका सकाळी, ते गेले. इथे त्या दिवसांत असं धुकं पडतं की समोरची मशीद दिसत नाही, अजान नुसती कुठून तरी येते. अझीम उशाशी होता. त्याचा हात त्यांच्या कपाळावर होता.

गावी न्यायचं की इथेच, असा प्रश्न नातेवाईकांनी फोनवरून केला. यूसुफनी मला आधीच सांगितलं होतं, जिथे मरेन तिथेच. दुपारपर्यंत धुकं विरलं आणि पुरुष मंडळी त्यांना घेऊन गेली. परत आल्यावर अझीम दाराशीच बूट काढत खाली बसला. बुटांतली वाळू लादीवर सांडली. तो तिच्याकडे बघत राहिला.

"अम्मी, माती आतून गरम होती," तो म्हणाला. "मी हात घालून पाहिला."

मी इथेच राहिले. शाळा आहे, मुली आहेत, आणि माझी गणितं अजून त्यांना लागतात. सुट्टीत अझीमकडे जाऊन येते. घर झालंय त्याचं. उचललेला तो कोपरा त्याने पुढच्या उन्हाळ्यात फोडून काढला, फोम बदलून पुन्हा भरला, आणि थंडीच्या आत छप्पर घातलं. पहिल्यांदा गेले तेव्हा बाहेर डोळ्यांतलं पाणी गोठेल अशी थंडी होती आणि आत मी पायमोजे काढून लादीवर उभी राहिले, तर तळव्यांना गारवा म्हणून लागला नाही. माझी नात त्यावर दिवसभर अनवाणी पळते. मी मराठीत बोलावते, ती इंग्रजीत उत्तर देते. "दादी, व्हाय आर यू स्टँडिंग देअर?" मी म्हणते, काही नाही गं, बघतेय.

पण हे सगळं नंतरचं. मला इथे सांगायचंय ते त्याच वर्षीच्या वसंतातलं, तिकडचा बर्फ वितळला तेव्हाचं.

यूसुफ गेल्यावर थोड्या दिवसांनी अझीम परत गेला होता. एप्रिलात त्याचा फोन आला. इथे एसी सुरू झाले होते, मी शाळेतून येऊन नुकतीच टेकले होते. त्याने ताडपत्र्या काढल्या होत्या, दोरी धरून पातळी बघितली होती. उत्तरेचा कोपरा वर आला होता. आडवा तडा होता, आत बोट जाईल एवढा.

"घराचं नाही वाईट वाटत, अम्मी," तो म्हणाला. "ते दुरुस्त होईल. पण मी आज सनाचे फोटो परत पाहिले. त्यात दिसतंय. क्लिअर दिसतंय. मला तेव्हा कळलं नाही, ओके. पण अब्बांना कसं दिसलं नाही? अब्बांना? म्हणजे तेव्हाच ते इतके गेलेले होते. आणि मी समजत होतो, वी वर टॉकिंग. मी रोज त्यांच्याशी बोलत होतो आणि ते नव्हतेच तिथे."

यूसुफनी सांगू नकोस म्हटलं होतं. पण ज्या कारणासाठी म्हटलं होतं ते आता उरलं नव्हतं.

"त्यांना दिसलं होतं," मी म्हणाले.

"काय?"

"तू औषधं आणायला गेलास तेव्हा मला सांगितलं त्यांनी. उत्तरेचा कोपरा जाणार म्हणाले. ओला पेंढा, उडालेला बर्फ, सगळं सांगितलं. मी तुला सांगायला उठले तर हात धरला माझा. म्हणाले, सांगितलंस तर उद्या निघेल तो."

पलीकडून वारा लागल्याची खरखर ऐकू आली. तो बाहेर, त्या पायावरच उभा होता.

"म्हणजे त्यांना मी हवा होतो," अझीम म्हणाला. "तिथे."

"हो."

"मी जरा बसतो, अम्मी."

तो त्या फुटलेल्या काँक्रीटवर बसला असावा. फोन त्याने बंद केला नाही. मधूनच त्याचा श्वास ऐकू यायचा, मधूनच वारा. मीही फोन कानाला लावून तशीच बसून राहिले.